नाच घेतलात, गाणं कुठे ठेवलंत?

आपल्याकडे हल्ली हळदीला, नाहीतर सोसायटीच्या वार्षिक मेळाव्याला ‘हवाई थीम’ असते. गळ्यात प्लॅस्टिकची फुलं, कमरेला झिरमिळ्यांचा घागरा, स्पीकरवर हाताला लागेल ते गाणं, आणि याला म्हणायचं हुला! तो गवती घागरा मुळात हवाईचा नव्हेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिल्बर्ट बेटांवरून आलेल्या मजुरांबरोबर तो तिथे पोहोचला आणि पर्यटकांच्या डोळ्यांत भरला म्हणून राहिला. मौजमजेला माझी हरकत नाही. पण ज्या नाचापायी एका समाजाने बंदी सोसली, त्याचं सोंग आणताना जिवाला थोडं लागायला हवं.

1820 साली न्यू इंग्लंडमधून मिशनरी हवाईत उतरले. दहा वर्षांतच ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानूने जाहीर हुला बंद केला. खेड्यापाड्यांत तो गुपचूप चालूच राहिला. 1883 मध्ये राजा कालाकाउआने आपल्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यात तो परत आणला, तर कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यावर अश्लीलतेचा खटला गुदरला. पुढे राज्यच उलथलं आणि 1896 च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली. पोरांनी घरची बोली बोलली की शिक्षा. तमाशाच्या नावाने नाक मुरडणाऱ्या सज्जनांशी ज्यांची गाठ पडली आहे, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

मग हुला बेटांवरच कुलूप लावून ठेवायचा का? मुळीच नाही. 2020 च्या जनगणनेत मूळ हवाईयन लोकांपैकी निम्म्याहून अधिक हवाईबाहेर राहत असल्याचं दिसलं. बेटांवर घर परवडत नाही. लास व्हेगासला तर लोक ‘नववं बेट’ म्हणतात. तिथल्या घरात वाढणाऱ्या मुलीने आजीचा नाच शिकायचा कुठे? जपानात इवाकीच्या कोळसा खाणी बंद पडू लागल्या, तेव्हा 1966 मध्ये गरम झऱ्यांवर एक हवाई केंद्र उभं राहिलं आणि खाणकामगारांच्या मुली तिथे हुला नाचू लागल्या. त्यांची ती रोजीरोटी होती. परक्या भूमीत नाचल्या म्हणून त्यांना बोल लावणारे आपण कोण?

माझं भांडण आहे ते शब्द टाकून हातवारे तेवढे उचलण्याशी. हुलात आधी गाणं, मग हालचाल. जुन्या रीतीच्या हालाऊत, म्हणजे हुलाच्या शाळेत, शिष्य दाराबाहेर उभे राहून स्तोत्र म्हणतात. आतून गुरूने, कुमू हुलाने, उत्तरादाखल स्तोत्र म्हटलं की मगच आत पाऊल. कुमू खाली बसून इपू हा भोपळा जमिनीवर आपटतो, तळहाताने थापटतो, आणि स्वतः गातो. शिष्यांचे हात त्याच ओळी दाखवतात. हवाईत पावसाची दोनशेहून अधिक नावं नोंदलेली आहेत. हिलोचा पाऊस वेगळा, मानोआच्या दरीतला वेगळा. नेवाडाच्या वाळवंटात बोटं खाली आणत ‘पाऊस’ दाखवणाऱ्या मुलीला हा कुठला पाऊस हेच ठाऊक नसेल, तर तिने शिकलं काय? व्यायाम!

म्हणून शिकणाऱ्याने फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. तुम्ही कोणाकडे शिकलात? शिकवायची परवानगी त्यांनी दिली का? हे गाणं कोणाचं, कोणत्या गावचं? आणि भाषा शिकवणार का? नुसत्या व्हिडिओवरून बसवलेल्या नाचाला यांतल्या एकाचंही उत्तर देता येत नाही. कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळींनीही कुमूला रीतसर मानधन द्यावं, नाचाआधी गाण्याचा अर्थ सांगायला दहा मिनिटं द्यावीत. प्रेक्षक कंटाळतात ही सबब मला पटत नाही. कीर्तनात पूर्वरंग ऐकणारे लोक आपण.

इतकी शिस्त लावली तर दूरदेशी कोण नाचेल, असं कोणी म्हणेल. हिलोला 1971 पासून ‘मेरी मोनार्क’ महोत्सवात हुलाची स्पर्धा होते. महोत्सवाचं नाव कालाकाउआच्याच टोपणनावावरून. तिथे कॅलिफोर्नियातले हालाऊही उतरतात आणि बेटांवरच्या जाणत्यांसमोर हवाईयन भाषेतच गातात.