फुकटचं घर

 

गेल्या महिन्यात आम्ही काही जणी सेवेसाठी हार ओवत बसलो होतो. आमच्या वाड्यावरच्या एका गुरुभगिनीच्या नव्या घराचा विषय निघाला. प्रधानमंत्री आवास योजनेतून तिला मदत मिळाली, जुनी खोप गेली नि पक्क्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "आम्ही जन्मभर हप्ते भरा, नि ह्यांना फुकटचं घर!" सगळ्या हसल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू?

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आपलं घर कुणाच्या भाटात होतं, विसरलीस?"

खरंच विसरले होते. आम्ही मुंडकार. सासऱ्यांच्या आजोबांना भाटकाराने माडांची राखण करायला जागा दिली, तिथं मातीचं घर. छपरावर नवे नळे घालायचे तरी आधी विचारायचं. भाटकाराकडे लग्न असलं की सासूबाई आठ-आठ दिवस तिथं राबायच्या, मजुरीचं नाव नाही. आणि एवढं करून ऐकायचं काय, तर 'आमच्या जागेत फुकट राहतात'. १९७५ साली, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, मुंडकार कायदा झाला. मनात आलं म्हणून मुंडकाराला घराबाहेर काढणं बंद झालं, पुढे मामलेदाराकडे अर्ज करून घर नि जागा विकत घ्यायचा हक्कही मिळाला. आमचं घर नावावर झालं त्या दिवशी सासऱ्यांनी वाडाभर पेढे वाटले होते म्हणे.

मग भाटकाराच्या तोंडचं वाक्य माझ्या हसण्यात कसं आलं?

हप्ते भरणाऱ्याचा राग मला कळतो. माझा मुलगाच पर्वरीच्या फ्लॅटचे भरतोय, महिनाअखेरीला ओढाताण होते. पण गृहकर्जाच्या व्याजापोटी वर्षाला २ लाखांपर्यंत उत्पन्नावरचा कर त्यालाही माफ होतो (जुन्या करपद्धतीत हं). तो पैसा सरकारचाच, पण त्याला आपण फुकट म्हणत नाही, 'टॅक्स वाचवला' म्हणतो. तिला मिळाले १ लाख २० हजार, तेही काम होईल तसे. एवढ्यात घर होतं का? बाकीचं कर्ज काढलं, चिरे तिने नि मुलाने स्वतः वाहिले. पक्कं घर असून यादीत नाव घालणारेही असतात, नाही असं नाही. त्यांच्याबद्दल ग्रामसभेत उभं राहून बोलावं, हार ओवताना नव्हे.

आणि प्रसाद आपण दोन्ही हातांनी घेतो, तेव्हा कुठे कमीपणा वाटतो?

मला लागलं ते वेगळंच. वास्तुपूजेला तिने आमच्यातल्या कुणालाच बोलावलं नव्हतं. परवा सासूबाईंना घेऊन मी तिच्याकडे गेले, त्या दिवशी मीही हसले होते हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घर लहान आहे वहिनी, सगळी मावणार नाहीत." सासूबाई म्हणाल्या, "अंगणात बसू."

येत्या गुरुवारचा सत्संग तिच्याकडे आहे, संध्याकाळी साडेचार वाजता. चटया कमी आहेत, येताना घरची एकेक घेऊन या.