माणशी दोन चमचे

खोटं बोलून फसवणं हे अडाण्याचं काम. शिकलेला माणूस खरं बोलून फसवतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ "मी दिवसातून एकच कप चहा घेतो" असं छातीवर हात ठेवून सांगतात. ते खरं आहे. फक्त त्यांचा कप पाहायचा राहून जातो. तेवढ्या भांड्यात आमच्या घरी चौघांची आमटी होते. आता या गृहस्थांना खोटारडं म्हणायचं की नाही? या प्रश्नाचं खरं स्वरूप मला कळलं ते न्यू जर्सीत, लेकीचा फ्रिज उघडल्यावर.

फ्रिजमध्ये आखूड लाटण्यासारखी एक गुबगुबीत नळी होती. आत कुकीची तयार कणीक. कुकी म्हणजे अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली नानकटाई, चॉकलेटचे तुकडे घातलेली. मैदा, साखर, तेल, अंडी, सगळं कारखान्यातच मळून येतं. गृहिणीनं कापायचं, ओव्हनमध्ये ठेवायचं आणि पाहुण्यांना "घरी केलंय हं!" म्हणून द्यायचं. तेही खरंच असतं, बघा.

नळीच्या पाठीवर पोषणाचा तक्ता होता. अमेरिकेनं 1990 साली कायदा करून असा तक्ता सक्तीचा केला. निवृत्त माणसाला परदेशात वाचायला काहीही चालतं, म्हणून मी तो वाचला. कॅलरी 130, चरबी 6 ग्रॅम, साखर 11 ग्रॅम. म्हटलं, एवढंच? उगाच बिचाऱ्या कुकीला नावं ठेवतात! मग वरची ओळ दिसली. हा हिशेब एका 'सर्व्हिंग'चा, आणि सर्व्हिंग म्हणजे दोन चमचे, 29 ग्रॅम. नळीत अशी सर्व्हिंगं सोळा.

लहानपणी छड्या खाऊन पाठ केलेला सोळाचा पाढा असा साता समुद्रापलीकडे उपयोगी पडला. अख्ख्या नळीत 2080 कॅलरी, 96 ग्रॅम चरबी आणि 176 ग्रॅम साखर. चमचाभर साखर 4 ग्रॅमची धरली, तर 44 चमचे! आणि माणसाला दिवसाकाठी साधारण 2000 कॅलरी लागतात असं तोच तक्ता खाली सांगत होता.

आता मला सांगा, दोन चमचे कणकेची एक कुकी खाऊन उठणारा, उरलेली नळी नीट गुंडाळून ठेवणारा आणि रात्री शांत झोपणारा हा स्थितप्रज्ञ कोण? गंमत म्हणजे तिथला कायदा म्हणतो की सर्व्हिंग म्हणजे 'किती खावं' ते नव्हे, लोक 'किती खातात' ते. म्हणून तर 2016 साली नियम बदलताना आइस्क्रीमचं माप अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कप केलं आणि शीतपेयाचं 8 औंसांवरून 12 केलं. पाकिटात दोन ते तीन सर्व्हिंगं असतील तर अख्ख्या पाकिटाचा वेगळा रकानाही सक्तीचा केला, कारण असं पाकीट माणूस एका बैठकीत संपवतो हे सरकारला कळून चुकलं. सोळा सर्व्हिंगांना मात्र ही सक्ती नाही. एवढं कोण खाणार? सरकारनं माझा नातू पाहिलेला नाही.

शिवाय नळीवर "कच्चं खाऊ नका" असंही लिहिलेलं असतं. 2009 साली अशी कच्ची कणीक खाऊन तिथे सत्तरहून अधिक माणसं आजारी पडली होती. तरी पोरं चमचा घेऊन येतातच. आपल्याकडे शंभर लाडवांचं बेसन भाजलं की परातीत नव्वदच लाडू वळले जातात. उरलेल्या दहांची चौकशी कुणी करत नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण आमच्या जावयांची साखर काठावर आहे, आणि डॉक्टरांनी त्यांना हिशेब ठेवायला सांगितलाय. जावई इंजिनियर. सकाळी कॉर्नफ्लेक्सचं एक सर्व्हिंग, फळांच्या रसाचं एक, दुपारी दह्याचं एक, रात्री कुकीचं एक. प्रत्येक डब्याचं 'एक' वेगळं, आणि प्रत्येक डबा आपापल्यापुरता सत्यवादी. जावई चमच्यानं अंदाजानंच मोजायचे, आणि जावयाच्या हातचा चमचा शिगोशीगच असायचा. तीन महिन्यांनी तपासणी झाली. साखर वाढलेली! जावई हिरमुसून म्हणाले, "बाबा, मी सगळीकडून एकेकच तर घेतलं." त्यांचा चेहरा पाहून मला काही विनोद सुचेना. डबे खरं बोलले होते, जावई खरं बोलत होते, आणि साखर वाढली होती.

धर्मराजानं "नरो वा कुंजरो वा" म्हटलं तेव्हा निदान आवाज तरी खाली आणला होता. इथे तर सगळं ठळक अक्षरात! मग दोष कुणाचा? वाचणाऱ्याला गुणाकार येत नाही का? येतो की. मंडईत भाजीवाली "वीस रुपये पाव" म्हणते, तेव्हा आपण त्याच क्षणी "म्हणजे ऐंशी रुपये किलो?" असं ओरडतो. तिथे पैसे लगेच मोजायचे असतात. कुकीचं बिल लगेच येत नाही. ते सहा-आठ वर्षांनी येतं, आणि भलत्याच खिडकीवर भरावं लागतं. म्हणून मला वाटतं, खरं बोललं एवढ्यानं जबाबदारी संपत नाही. ते ऐकणाऱ्याच्या मापात सांगावं लागतं. खाणारा चमच्यानं खात असेल तर साखर चमच्यात सांगा, आणि नळीनं खात असेल तर नळीत. ग्रॅम घेऊन माणूस जेवायला बसत नाही.

मी आपला जाड पेन घेतला आणि त्या नळीवर मराठीत लिहून टाकलं: "अख्खी नळी = साखर 44 चमचे. एक कुकी = पावणेतीन." लेक हसली, पण तिनं ते पुसलं नाही. जावई आता एक कुकी खातात आणि पाढा म्हणतात. नातवाला मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यानं अर्थ विचारून घेतला. मग थोडा विचार करून म्हणाला, "आजोबा, आजीच्या लाडवांच्या डब्यावर का नाही लिहीत?"

प्रश्न रास्त होता. मी तो योग्य त्या खात्याकडे, म्हणजे स्वयंपाकघरात, पाठवून दिला आहे. अद्याप उत्तर आलेलं नाही.