पाटीवरचा धर्म

पक्षाच्या नावात ‘मुस्लिम’ हा शब्द वाचला की माझ्या कपाळाला आठी पडते. ‘हिंदू’ वाचल्यावरही पडते, पण जरा उशिरा आणि जरा सौम्य. हा उशीर मला अलीकडे छळतो. स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या माणसाकडे ही दोन मापं आली कुठून?

सोपं उत्तर आहे: इतिहासातून. 1906 साली ढाक्यात मुस्लिम लीग स्थापन झाली आणि 1947 मध्ये फाळणी, एवढंच शाळेत शिकलो. त्याच ढाक्याची पुढची गोष्ट वाचली ती फार नंतर. 1949 मध्ये लीगवर नाराज मंडळींनी तिथेच नवा पक्ष काढला. अध्यक्ष मौलाना भाशानी, नाव अवामी मुस्लिम लीग. दोन वर्षांच्या पाकिस्तानात तो शब्द टाळणं सोपं नसावं. 1954 च्या प्रांतिक निवडणुकीत या पक्षाच्या आघाडीने जुन्या लीगला अवघ्या 9 जागांवर आणलं. 1955 मध्ये त्याने आपल्या नावातला ‘मुस्लिम’ काढून टाकला, बिगरमुस्लिमांनाही सभासद होता यावं म्हणून. आणि पुढच्याच वर्षी पाकिस्तान घटनेने इस्लामी प्रजासत्ताक झालं! वाऱ्याच्या उलट जाणं म्हणतात ते हे.

आमच्याकडे श्यामाप्रसाद मुखर्जींनी गांधीहत्येनंतर हिंदू महासभेला सुचवलं, अहिंदूंनाही आत घ्या. सभेने ऐकलं नाही, ते बाहेर पडले. 1951 मध्ये जनसंघ निघाला तो ‘भारतीय’ म्हणून, सर्वांना प्रवेश देऊन. पाटी बदलली, पण मनातला देश बदलला का, असं मी त्या पक्षाला हटकून विचारतो. स्वतःला मात्र विचारत नाही. ‘भारतीय’, ‘राष्ट्रीय’ हे शब्द ऐकले की माझ्या डोळ्यांपुढे जो माणूस येतो, त्याचं आडनाव माझ्यासारखंच असतं. बहुसंख्याकाला धर्म पाटीवर लिहावा लागत नाही, तो धरलेलाच असतो. म्हणून ‘नावातून धर्म काढा’ असं इतरांना सांगताना माझ्या पदरचं काही जात नाही.

तरीही तो काढावा, असंच मला वाटतं. 1956 च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या मनातला पक्ष त्यांच्या पश्चात, 1957 मध्ये उभा राहिला. त्याला बौद्धांचं नाव देणं किती साहजिक होतं! नाव पडलं रिपब्लिकन. आधीचं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एका समाजापुरतं होतं, हा पक्ष सगळ्यांसाठी होता. पुढे त्याची शकलं झाली, तो दोष पुढाऱ्यांवर टाकता येतो. पण त्याआधीही आम्ही उरलेल्यांनी तो ‘त्यांचा’ पक्ष ठरवून टाकला होता. नावात ना धर्म होता, ना जात. माझ्या घरात त्या पक्षाला आजवर एकानेही मत दिलेलं नाही.