उद्यापनाची तारीख

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोरेगावातल्या माझ्या यजमानांना भलताच उत्साह येतो. सत्यनारायणाचा शिरा तोंडात असतानाच कुणीतरी म्हणतं, "गुरुजी, एक तारखेपासून साखर बंद. शिवाय रोज पहाटे पाचला आरेच्या झाडीत चालायला." मी ताम्हण पुसता पुसता विचारतो, "कधीपर्यंत?" उत्तर ठरलेलं, "कायमचं!"

पूजेचा संकल्प किती काटेकोर असतो ते पाहा. संवत्सर, मास, तिथी, वार सांगायचा. देश कोणता ते सांगायचं. स्वतःचं नाव-गोत्र सांगायचं. मग कुटुंबासाठी आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य मागायचं. 'करीन' म्हणून हातावरून पाणी सोडायचं ते मात्र फक्त पूजेचं, तेही यथाशक्ती, मिळेल त्या साहित्यानं. आरोग्य मागायच्या यादीत असतं, करायच्या यादीत नाही. 'दहा किलो उतरवीन' हा निश्चय म्हणूनच मला पटत नाही. वजन उतरणं हे फळ. आपल्या हाती चालणं आहे.

आणि चालणार कुठे? जानेवारीत मुंबईला सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. पहाटे पाचला आरेत मिट्ट काळोख असतो आणि राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या झाडीत बिबट्याचा वावर आहे. २०२१च्या पावसाळ्याअखेर इथे माणसांवर एकामागून एक हल्ले झाले. इथल्या पाड्यांवरचे वारली वाघोबाला पुजतात. ही जागा आपल्या एकट्याची नाही, याची ती कबुली आहे असं मी मानतो. संकल्पात देश-काल उच्चारायचा तो उगीच नाही. उजाडल्यावर निघावं, छोटा काश्मीरच्या तळ्यापर्यंत जाऊन परत यावं. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याएवढा व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा अर्धा तास, झालं!

खाण्याच्या नेमातही असंच तारतम्य हवं. आमच्याकडे एक यजमान एकादशीला मधुमेहाची गोळीच घेत नसत. उपास मोडेल म्हणून! त्यांना मी शास्त्रातली जुनी यादी ऐकवली. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. त्यांत पाणी, कंद, फळ, दूध आहे आणि औषधही आहे. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री पाध्यांनी १७९०च्या सुमारास 'धर्मसिंधु' लिहिला. त्यात एकादशीच्या उपवासाला वयाची मर्यादा आहे, ज्याला झेपत नाही त्याला सोपे पर्याय आहेत. (आता गोळी आणि उपास यांचा मेळ कसा घालायचा, ते डॉक्टरांनाच विचारावं. तो माझा प्रांत नव्हे.)

मग शास्त्र नुसत्या सवलतीच देतं का? तसं नाही. बोललेलं चुकलं तर प्रायश्चित्त आहे, पण त्यानंतर व्रत पुन्हा चालू करायचं असतं. आमचे जानेवारीचे वीर संक्रांतीला तिळगुळाचा लाडू खातात आणि 'गेलं सगळं' म्हणून अख्खं वर्ष सोडून देतात. मोठा निश्चय मोडायला सोपा, कारण तो मोडल्याची लाज वाटत नाही, 'कुणाला जमलंय?' म्हणता येतं. अर्धा तास चालायला ते म्हणता येत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाआधी खाणं, झोप, हालचाल बेताची ठेवायला सांगितलं आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांतही या अध्यायावर बोलताना विनोबांनी जीवनाच्या परिमिततेवर भर दिला आहे. शरीर ताब्यात आणण्याच्या हट्टातही अहंकारच असतो, हे मला त्यातून पटत गेलं.

तेव्हा एक तारखेला 'कायमचं' म्हणू नका. महाशिवरात्रीपर्यंत म्हणा. कुठे, किती वेळ, कोणत्या दिवशी ते कागदावर लिहा आणि खाली उद्यापनाची तारीख घाला. पार पडलं तर मला बोलवा. दक्षिणा नको, पण शिऱ्यात साखर बेतानं घाला.