तसबिरीखालचे नाव

नाव ठाऊक नसलेला चेहरा अनोळखी, असे आपण सहज म्हणून जातो. पण नावाच्या जागी दुसरेच काही लिहिलेले असेल तर?

विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या लोकांच्या तसबिरींचे दोन खंड १८६३ व १८६६ साली लंडनहून काढले. तसबिरींखाली बहुधा माणसाचे नाव नाही. जात, पंथ वा धंदा आहे. गंमत अशी, की पुष्कळ माणसे एकीकडे टिपली, कातरली आणि दुसऱ्याच देखाव्यावर डकवली! पायांखालची जमीनसुद्धा बिचाऱ्यांची नव्हे. तरी चेहरे पाहत बसले, की खालची अक्षरे वाचायची राहूनच जातात.

आमच्या केडगावात दिवाळीच्या झाडलोटीला भिंतीवरच्या तसबिरी उतरतात. ‘हे कोण?’ नातू विचारतो. आजी गेलेली असली तर कुणालाच सांगता येत नाही. हे विस्मरण मला दुःखाचे वाटते, अन्यायाचे नाही. इथे निदान ‘कोण’ असे विचारले तरी जाते. जॉन्सनच्या पुस्तकात प्रश्नाआधीच उत्तर छापलेले आहे.

आणि मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवताना सोबतच्या कागदावर आपण तरी काय लिहितो? कुळ, गोत्र, उंची, रंग. तिला काय आवडते ते शेवटी, जागा उरली तर.