कोरडे डोळे

अश्रू हे मनाचे साक्षीदार आहेत, असे आपण सगळेच धरून चालतो. घरात कुणाचे बरेवाईट झाले की कोण किती रडले ह्याचा हिशेब बायका मनाशी मांडतात, आणि पुरुषमंडळी तो मांडत नाहीत असे मुळीच नाही. जो रडला त्याला माया होती. ज्याचे डोळे कोरडे राहिले तो दगडाच्या काळजाचा. हा निवाडा इतका जुना आहे, की त्याच्यावर अपील करावे असे कुणाच्या मनातही येत नाही. पण ज्याच्याविरुद्ध तो दिला गेला, तो माणूसच जर त्याला खरा मानून बसला तर?

हेलन होआंग ह्या अमेरिकन लेखिकेची 'द ब्राइड टेस्ट' ही कादंबरी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ अशाच एका कोरड्या डोळ्यांच्या मुलापासून होतो. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तेव्हा कोश उशाशी ठेवून मी ती वाचली. नात्यातला जिवलग भाऊ अपघातात गेला, सारे घर रडते आहे, आणि खाईला रडू येत नाही. लोक त्याच्याकडे पाहतात. तोही स्वतःकडे त्यांच्याच डोळ्यांनी पाहतो आणि ठरवून टाकतो, की आपल्याला हृदय नाही. पुढे तो कॅलिफोर्नियात हिशेबनीस होतो, नेकीने राहतो, पण प्रेमाच्या वाटेला जात नाही. ज्याच्यापाशी द्यायला काही नाही त्याने कुणाला आशा लावू नये, एवढाच त्याचा विचार.

खाई ऑटिस्टिक आहे. आपण मराठीत ह्याला 'स्वमग्न' म्हणतो. लिओ कॅनर ह्या डॉक्टरने १९४३ साली अकरा मुलांची वर्णने लिहून ह्या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले. कॅनरचा इंग्रजी शब्द आणि आपला मराठी शब्द, दोहोंतही 'स्व' आहेच. मला मात्र ह्या शब्दाची नेहमी गंमत वाटते. तो आपल्यात मग्न नाही एवढेच आपल्याला दिसते. आणि आपल्यात नाही म्हणजे स्वतःतच असणार, असे आपण ठरवून मोकळे होतो! २०१२ साली डेमियन मिल्टन ह्या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, ह्या अनुमानावर नेमके बोट ठेवले. त्याला आपले मन कळत नाही हे जितके खरे, तितकेच आपल्याला त्याचे कळत नाही हेही खरे. गैरसमज दोन बाजूंचा असतो. दोष मात्र थोड्यांच्या पदरी पडतो.

आता ह्या नायकाची आई काय करते? मुलगा लग्नाचे नाव काढीत नाही म्हणून ती व्हिएतनामला जाऊन हो ची मिन्ह शहरातल्या हॉटेलात मुली पाहते. अमेरिकेतल्या मुलासाठी पुण्या-मुंबईत येऊन मुली पाहणाऱ्या आयांना हे काही नवे वाटणार नाही. तिच्या मनात भरते ती मात्र तिथे सफाई करणारी मोलकरीण. ही एस्मे एका उन्हाळ्यापुरती अमेरिकेत येते. तिला इंग्रजी धड येत नाही, तिथल्या रीती ठाऊक नाहीत, आणि मागे आपल्याला एक लहान मुलगी आहे हे ती नायकाला सांगत नाही.

लेखिकेची आई स्वतः व्हिएतनामच्या युद्धातून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेली. आणि आपण ऑटिस्टिक आहोत हे लेखिकेला संसारात पडल्यावर, २०१६ साली, कळले. म्हणजे दोन्ही पात्रांची नाळ तिच्याच घरात पुरलेली आहे. तरीही पुस्तकाच्या शेवटी ती लिहिते, की आधी एस्मे नायिका नव्हतीच. तिला नको असलेल्या तिसऱ्या बाईची जागा दिली होती. अशिक्षित, परक्या बाईला नायिकेचा मान द्यायला लेखणी कचरते, तीही तिच्याच लेकीची! मला हे वाक्य कादंबरीइतकेच मोलाचे वाटले.

ह्या दोघांना शेजारी बसवले की एक गोष्ट लख्ख दिसते. एस्मेला इंग्रजी येत नाही म्हणून तिच्या डोक्यात विचारच नाहीत असे कुणी शहाणा म्हणणार नाही. तिची भाषा वेगळी आहे, एवढेच. मग नायकाला अश्रूंची, नजरेची भाषा येत नाही म्हणून त्याच्या मनात माया नाही, हे कशावरून? गेलेल्या भावाची मोटारसायकल तो घरात जपून ठेवतो. ते त्याचे रडणेच आहे. फक्त ते ऐकायला कुणी बसलेले नाही. एक परदेशातून आलेली, दुसरा स्वतःच्या घरात परदेशी!

आपल्या प्रेमकथांना हे अवघड जाते. फडक्यांच्या कादंबऱ्यांवर वाढलेल्या पिढ्यांना नजरेचे इशारे आणि न बोलता कळणारी मने हेच प्रेमाचे लक्षण वाटत आले. पण न बोलता कळले, ह्यात प्रेम किती आणि सारख्या संस्कारांची सोय किती? विचारून समजून घेणे हे रुक्ष खरे. पण जो विचारतो तो समोरच्याचे वेगळेपण आधी मान्य करतो.

इथवर येऊन थांबलो तर मात्र आपण दुसऱ्या बाजूला घसरू. 'तो असाच आहे, त्याच्याकडून काही अपेक्षू नये' ही दया वरवर मऊ असली तरी त्या माणसाला माणसातून उठवते. ज्याला सगळे माफ, त्याला कुणी बरोबरीचा मानलेले नसते. एस्मे ही दया करीत नाही. लग्नाने तिचे आणि मुलीचे सारे दैन्य फिटणार आहे. तरी नायकाच्या तोंडून प्रेमाचा शब्द येत नाही तेव्हा ती त्याचे घर सोडते. गरजेपोटी आलेल्या बाईचे प्रेम खरे कशावरून, असे विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे. गरज प्रेमाला बट्टा लावीत नाही. लपवालपवी लावते, आणि त्या हिशेबात तीही काही देणे लागते. त्याने शब्द शोधायचा, तिने खरे सांगायचे, दोघांनी एकमेकांची भाषा शिकायची. प्रेम ही भावना असेल. पण ती पोचवणे हे काम आहे.

अशा कादंबऱ्यांचा शेवट गोड व्हावा हा त्या प्रकाराचा रिवाजच आहे. आयुष्य तो रिवाज पाळीत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण सुखी शेवट नायकाला 'बरा' करून दिलेला नाही. तो होता तसाच राहतो. फक्त दगडाचा राहत नाही, कारण तो कधी तसा नव्हताच.

ह्या चार दिवसांत घरे माणसांनी भरतील. फटाके सुरू झाले की एखादा मुलगा कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत जाईल, ओवाळताना बहिणीच्या डोळ्यांत पाहणार नाही. त्याला ओढून बाहेर आणण्याआधी, त्याने बहिणीसाठी काय जपून ठेवले आहे, हे कुणी तरी त्याला विचारावे. आणि उत्तराला वेळ लागला तर थांबावे.