आधी चूक विचारा

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची सराव परीक्षा देऊन मूल घरी येतं आणि दारातच प्रश्न येतो, किती गुण मिळाले? आज वेगळं करून पाहा. आधी चूक विचारा. नीटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. म्हणून कोणता प्रश्न सोडायचा, हे कळणंही तयारीच आहे. ते उमगतं चुकलेल्या उत्तरांतून. कुणी म्हणेल, प्रवेश तर गुणांवरच मिळतो. खरं आहे. पण चूक समजली, तरच गुण वाढतात. आणि धाक वाटला, की मूल चूक लपवतं. लपवलेली चूक परीक्षेत पुन्हा समोर येते. म्हणून आधी चूक विचारा. शेजारी बसा, शांतपणे ऐका. न रागावता चूक ऐकून घेणारं माणूस घरात असणं, हा मुलांचा सर्वांत मोठा आधार आहे.